लॅम्प्री आणि हॅगफिशचे प्रतिकारग्राही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर दोन लघुरूपे सतत येतील. व्हीएलआर म्हणजे व्हेरिएबल लिम्फोसाइट रिसेप्टर, म्हणजेच लसिका पेशींवरचे बदलते ग्राही. एलआरआर म्हणजे ल्युसीन-रिच रिपीट, म्हणजेच ल्युसीन हे अमिनो आम्ल ठरावीक अंतराने येणारा प्रथिनाचा तुकडा. बाकीचे शब्द जागच्या जागी उलगडले आहेत.

जबडाहीन पृष्ठवंशी म्हणजे कोण? लॅम्प्री ही वामच ना?

नाही. दिसायला लांबट आणि बुळबुळीत असली, तरी वाम हा जबडा असलेला हाडाचा मासा आहे. लॅम्प्रीला जबडा नाही. तिचे तोंड गोल चोषकासारखे असते आणि त्यात शिंगासारखे दात वर्तुळात लागलेले असतात. जबडा नसलेले पृष्ठवंशी आज दोनच गट उरले आहेत, लॅम्प्री आणि हॅगफिश. डिवचल्यावर बादलीभर चिकट बुळका सोडणारा तो हॅगफिश. जबडा असलेल्यांच्या वंशापासून, म्हणजे शार्कपासून माणसापर्यंत सगळ्यांपासून, यांची वाट सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली.

लॅम्प्री थंड आणि समशीतोष्ण पाण्यात राहते. भारतातल्या नद्यांत ती मिळत नाही. संशोधनात सर्वांत जास्त वापरली जाते ती अटलांटिकची समुद्री लॅम्प्री, पेट्रोमायझॉन मरायनस. कालवे खोदल्यावर हीच अमेरिकेच्या पंचसरोवरांत शिरली आणि तिथल्या मासेमारीचे तिने वाटोळे केले. मच्छीमारांचे नुकसान झाले, पण प्रयोगशाळांना अळ्यांचा तोटा राहिला नाही.

यांच्यात प्रतिपिंड नाहीत, हे कळायला इतकी वर्षे का लागली?

कारण प्रतिपिंडांचे, म्हणजे परक्या पदार्थाला धरणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांचे, काम होताना दिसत होते. १९६०च्या दशकातच लक्षात आले होते, की लॅम्प्रीला ब्रुसेला जिवाणू टोचले तर तिच्या रक्तात त्यांच्या गुठळ्या करणारा पदार्थ तयार होतो. दुसऱ्या लॅम्प्रीची त्वचा लावली तर ती नाकारली जाते आणि दुसऱ्यांदा लावली तर आणखी लवकर नाकारली जाते. स्मृती असलेली प्रतिकारशक्ती म्हणतात ती हीच. त्यामुळे सगळे जण इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे प्रतिपिंड ज्या प्रथिनाचे असतात त्याचे, जनुक शोधत राहिले. ते सापडले नाही. टी पेशींचे ग्राही सापडले नाहीत, परक्या प्रथिनांचे तुकडे टी पेशींना दाखवणारी एमएचसी प्रथिने सापडली नाहीत, आणि ग्राहींची जनुके कापून जोडणारी रॅग विकरेही सापडली नाहीत.

२००४ मध्ये झीव पॅन्सर, मॅक्स कूपर आणि सहकाऱ्यांनी शोधाची दिशा बदलली. लॅम्प्रीच्या अळ्यांना जिवाणू आणि इतर उत्तेजके एकत्र टोचून त्यांनी फुगलेल्या लसिका पेशींत कोणते संदेश-आरएनए तयार होतात ते तपासले. त्यात एलआरआर असलेली प्रथिने मोठ्या संख्येने निघाली, आणि प्रत्येकाचा क्रम वेगळा होता. प्रतिपिंडांचे काम होत होते, फक्त ते वेगळ्याच मालमसाल्यातून घडवलेले होते.

व्हीएलआरचे भाग कोणते आणि ते कोणत्या क्रमाने येतात?

अमिनो टोकाकडून कार्बॉक्सिल टोकाकडे जाऊ.

सुरुवातीला सिग्नल पेप्टाइड असते. प्रथिन पेशीबाहेर पोहोचेपर्यंत ते कापून टाकले जाते.

मग एलआरआर-एनटी, म्हणजे पुढचे टोपण. साधारण ३० ते ४० अमिनो आम्लांचा हा भाग. यात सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल चार वेळा येते आणि त्यांचे दोन डायसल्फाइड बंध, म्हणजे गंधक-गंधक जोड, होतात.

त्यानंतर एलआरआर-१. हा पहिला आणि आखूड पुनरावृत्त तुकडा १८ अमिनो आम्लांचा असतो.

मग एलआरआर-व्ही तुकडे, प्रत्येकी २४ अमिनो आम्लांचे. विविधतेचा मोठा वाटा इथे आहे, आणि तुकड्यांची संख्याही ठरलेली नाही. एखाद्या ग्राहीत एकच असतो, एखाद्यात बरेच. या ओळीतल्या शेवटच्या तुकड्याला एलआरआर-व्हीई असे वेगळे नाव आहे, कारण त्याचा क्रम इतरांहून थोडा निराळा आणि ओळखू येण्याजोगा असतो.

पुढे जोडपेप्टाइड, म्हणजे सीपी. हे १३ अमिनो आम्लांचे असते.

मग एलआरआर-सीटी, मागचे टोपण. ते सुमारे ५० ते ६५ अमिनो आम्लांचे असून त्यातही चार सिस्टीन आणि दोन बंध असतात. व्हीएलआरचे ए, बी आणि सी असे प्रकार आहेत; रक्तात सोडला जातो तो बी. बहुतेक व्हीएलआर-बीमध्ये या टोपणातून एक लांबी बदलणारा फास बाहेर डोकावतो. पुढच्या उत्तरांत तो वारंवार येणार आहे.

सरतेशेवटी थ्रिओनीन आणि प्रोलीन भरपूर असलेला देठ, आणि त्यामागे शेपूट. व्हीएलआर-बी लसिका पेशीच्या पटलावर जीपीआय नावाच्या मेदयुक्त नांगराने अडकलेला असतो.

देठ सगळ्या व्हीएलआर-बींमध्ये सारखाच असतो, हे ध्यानात ठेवा. प्रयोगशाळेतल्या निम्म्या युक्त्या त्यावर चालतात.

हा आकार घोड्याच्या नालेसारखा का होतो?

एलआरआरचा प्रत्येक तुकडा साखळीचा एक वळसा असतो. वळशाच्या एका बाजूला आखूड बीटा-पट्टी, दुसऱ्या बाजूला सैलसर वळण किंवा छोटी ३-१० कुंडली. ठरावीक जागांवरची ल्युसीन आतल्या बाजूला वळतात आणि वळशांच्या मधोमध तेलकट गाभा तयार करतात. वळसे एकावर एक बसले, की बीटा-पट्ट्या शेजारी-शेजारी समांतर येतात आणि त्यांचा एक पत्रा होतो.

पट्ट्यांकडची बाजू कमी जागा घेते, वळणांची बाजू जास्त. त्यामुळे रास सरळ उभी राहत नाही, ती वाकते. पट्ट्यांचा पत्रा आतल्या, अंतर्गोल बाजूला येतो आणि वळणे बाहेरच्या, बहिर्गोल बाजूला. दोन्ही टोकांना उघडा पडणारा तेलकट गाभा टोपणे झाकतात. टोपण काढून प्रथिन बनवायला गेलात, की ते गोळा होऊन बसते. हा त्याचा स्वभावच आहे.

हॅगफिशच्या व्हीएलआरची स्फटिकरचना २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा हा आकार प्रत्यक्ष दिसला. क्रमावरून अंदाज आधीच बांधलेला होता, पण सीटी टोपणाचा बाहेर आलेला फास त्या रचनेतच नजरेत भरला.

मग प्रतिजन बसतो कुठे?

अंतर्गोल बाजूवर. प्रतिजन म्हणजे ग्राही ज्याला धरतो तो परका पदार्थ. प्रत्येक बीटा-पट्टीतली गाभ्याकडे न वळलेली, बाहेर तोंड करून असलेली अमिनो आम्ले हीच सर्वांत जास्त बदलणारी असतात. अशा चार-पाच पट्ट्या शेजारी आल्या, की बदलत्या बाजूसाखळ्यांचा एक छोटा चौसर तयार होतो. प्रतिपिंडात प्रतिजनाला धरणारे सहा फास असतात. व्हीएलआरमध्ये पकड मुख्यतः सपाट, वाकलेल्या पत्र्याची असते आणि वरून सीटीचा फास येतो. तळहातावर वस्तू ठेवून अंगठ्याने दाबावी तसे.

तीन उदाहरणे पाहू.

आरबीसी३६ हा लॅम्प्रीचा व्हीएलआर-बी माणसाच्या लाल पेशी टोचून मिळाला. तो एच-ट्रायसॅकराइड धरतो, म्हणजे ओ रक्तगटाच्या पेशींवर उघडी दिसणारी तीन शर्करांची साखळी. २००८ मध्ये १.६७ अँगस्ट्रॉम एवढ्या बारीक तपशिलात ही रचना उलगडली. साखळी अंतर्गोल बाजूवर बसलेली दिसते आणि फासातले ट्रिप्टोफॅन शर्करेच्या कड्याला चिकटून वरून झाकण घालते. शर्करा छोट्या आणि पाणी-धार्जिण्या असल्यामुळे प्रतिपिंडांना त्या घट्ट धरणे नेहमीच जड जाते. व्हीएलआरना ते बऱ्यापैकी जमते, आणि त्यांच्यात रस वाटण्याचे ते एक कारण आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना एच प्रतिजन नवा नसावा. तो नसलेला रक्तगट १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी प्रथम नोंदवला, म्हणून त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. रक्तपेढीत नेहमीच्या चाचणीत तो ओ म्हणून खपून जाऊ शकतो. खरा ओ आणि बॉम्बे यांत फरक एच साखळीचाच आहे, आणि आरबीसी३६ नेमकी तीच धरतो. रक्तपेढ्या मात्र या कामासाठी अजून वनस्पतीतून मिळणारे एच-विरोधी लेक्टिनच वापरतात.

दुसरे उदाहरण कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइम या विकराचे. व्हीएलआर-बी.२डी हा ग्राही त्याला धरताना आपला सीटीचा फास विकराच्या कार्यस्थळाच्या फटीत खुपसतो. उंट आणि शार्क यांच्या एकसाखळी प्रतिपिंडांचे लांब फासही नेमके हेच करतात. तीन वेगळ्या वंशांना एकाच फटीवर एकच तोडगा सापडावा, हे बघण्यासारखे आहे.

तिसरे उदाहरण व्हीएलआर४. हा अँथ्रॅक्स जिवाणूच्या बीजाणूवरचे बीसीएलए प्रथिन धरतो. इथे आधी उत्परिवर्तनांनी जागा शोधली गेली. अंतर्गोल पट्ट्यांवरची बदलती अमिनो आम्ले एकेक करून बदलली, तशी पकड गेली.

बहिर्गोल बाजूवर काहीच बसत नाही का?

आजवर रचना उलगडलेल्या सगळ्या जोड्यांत प्रतिजन अंतर्गोल बाजूलाच आहे. बहिर्गोल बाजू कमी बदलते. तिच्यावरचे काही शर्करा-जोड प्रथिन विरघळलेले ठेवायला मदत करतात.

टोल-लाइक ग्राहीसुद्धा एलआरआरचेच असतात. मग व्हीएलआरमध्ये वेगळे काय?

घडी तीच, काम वेगळे. टोल-लाइक ग्राही म्हणजे जंतूंच्या ठरावीक खुणा ओळखणारे जन्मजात ग्राही. टोल-लाइक ग्राही जनुकात जसा लिहिला आहे तसाच प्रत्येक पेशीत तयार होतो. तो लाखो वर्षांत बदलतो, एका प्राण्याच्या आयुष्यात नाही. व्हीएलआर मात्र प्रत्येक लसिका पेशीत नव्याने जुळवला जातो. पेशीआत संदेश देणारा टीआयआर हा भागही त्याला नाही. सीटी टोपणाच्या ठेवणीवरून व्हीएलआरचा पूर्वज रक्तातल्या बिंबिकांवरच्या ग्लायकोप्रोटीन-१बी-अल्फासारखा असावा, असे अनेकांना वाटते.

घडी सारखी असल्याचा एक मोठा व्यावहारिक फायदा झाला. टोल-लाइक ग्राही स्फटिक करायला महाकठीण. कोरियातल्या गटाने टोल-४चा तुकडा कापून त्यामागे हॅगफिशच्या व्हीएलआरचे टोपण जोडले. असे जोडप्रथिन नीट घडी घेते आणि स्फटिक होते. २००७ मधल्या टोल-४ आणि त्याचे साथीदार प्रथिन एमडी-२ यांच्या प्रसिद्ध रचनेमागे ही युक्ती आहे. कुठे कापायचे हे ठरवताना ल्युसीनची जागा चुकली तर सांध्यावरचा गाभा उघडा पडतो. म्हणून काप तुकड्याच्या सुरुवातीच्या जतन झालेल्या ल्युसीनपाशीच घालतात.

व्हीएलआर-बी रक्तात येतो तेव्हा कसा दिसतो?

एकट्याने नाही. शेपटातल्या सिस्टीनमुळे दोन-दोन रेणू डायसल्फाइडने जोडले जातात, आणि अशा चार किंवा पाच जोड्या एकत्र येतात. म्हणजे एका संचात ८ ते १० पकडी. आयजीएम या प्रतिपिंडालाही दहा पकडी असतात.

ही संख्या महत्त्वाची आहे. एकट्या व्हीएलआर पकडीची ओढ बऱ्याचदा मध्यमच असते. पृष्ठभागावर एकच खूण ओळीने लागलेली असेल, जशी जिवाणूच्या कवचावर किंवा लाल पेशीवर असते, तर दहा पकडी एकदम बसतात आणि सुटणे अवघड होते. शेपटातले सिस्टीन बदलून एकएकटा रेणू बनवलात आणि चाचणीत काहीच दिसले नाही, तर ग्राही खोटा ठरवण्याआधी हे आठवा.

संच टिकाऊही असतो. तीव्र आम्ल, तीव्र अल्कली किंवा उष्णता यांत सामान्य प्रतिपिंड मान टाकतात, तिथे हा बराच काळ तग धरतो.

व्हीएलआर-ए आणि सी काय करतात?

ते पेशीच्या पृष्ठभागावरच राहतात, स्रवत नाहीत. एका लसिका पेशीत एकाच प्रकारचा व्हीएलआर असतो. बी-वाल्या पेशी आपल्या बी पेशींसारख्या वागतात: उत्तेजित झाल्या की फुगतात आणि ग्राही बाहेर सोडतात. ए आणि सी-वाल्या पेशी टी पेशींसारख्या असतात. त्यांच्यातली सुरू असलेली जनुके पाहता ए हे अल्फा-बीटा टी पेशींशी आणि सी हे गॅमा-डेल्टा टी पेशींशी जुळतात. सी-वाल्या पेशी त्वचेसारख्या आवरणांत जास्त आढळतात.

अळ्यांच्या कल्ल्यांच्या तंतूंच्या टोकांशी थायमससारखी, म्हणजे टी पेशी घडवणाऱ्या अवयवासारखी, जागा आहे. २०११ मध्ये तिला थायमॉइड हे नाव मिळाले. ए-वाल्या पेशी तिथे घडतात. चुकीचे जुळलेले, वाचनचौकट मोडलेले व्हीएलआर-ए तिथे सापडतात, पण रक्तात जवळजवळ सापडत नाहीत. म्हणजे तिथे चाळणी लागते. ए-पेशी प्रतिजन कसा ओळखतात, एमएचसीसारखा एखादा ताटवाला लागतो का, हे कोडे आहे. व्हीएलआर-एने लायसोझाइम थेट धरल्याची स्फटिकरचना मात्र आहे.

रचनेतही फरक आहे. व्हीएलआर-सीच्या सीटी टोपणात तो बाहेर डोकावणारा फास नाही. अंगठ्याशिवायचा तळहात म्हणा. अलीकडे लॅम्प्रीत डी आणि ई असे आणखी दोन प्रकारही वर्णिले गेले आहेत.

हॅगफिशच्या शोधनिबंधांत ए आणि सी उलटसुलट का दिसतात?

कारण नावे आधी दिली गेली आणि नाती नंतर कळली. २००५ मध्ये हॅगफिशमध्ये दोन व्हीएलआर सापडले, त्यांना ए आणि बी म्हटले. तिसरा सापडल्यावर तुलना केली, तर कळले की ज्याला हॅगफिशचा ए म्हणत होते तो लॅम्प्रीच्या सीचा भाऊ आहे, आणि नवा सापडलेला तिसरा हाच खरा ए. २०१३ नंतरच्या लिखाणात नावे बदलली. पण जुन्या माहितीकोशांतल्या नोंदी आणि रचनांची शीर्षके तशीच पडून आहेत. हॅगफिशचा क्रम उचलताना नावावर जाऊ नका, लॅम्प्रीच्या क्रमांशी जुळवून स्वतः ठरवा. या एका चुकीने कितीतरी वंशवृक्ष वाकडे झाले आहेत.

जनुकात हे तुकडे तयार असतात की जोडले जातात?

जोडले जातात. अंडे आणि शुक्राणूत असलेले व्हीएलआर जनुक अर्धवट असते. त्यात सिग्नल पेप्टाइड, एनटीचा थोडा भाग, सीटीचा थोडा भाग आणि देठ लिहिलेला असतो. मधे ग्राहीसाठी निरुपयोगी असा लांब पट्टा असतो. समुद्री लॅम्प्रीच्या व्हीएलआर-बीत तो सुमारे १३ हजार बेसजोड्यांचा आहे. जनुकाच्या दोन्ही बाजूंना एलआरआरचे शेकडो सुटे तुकडे विखुरलेले असतात. त्यांना दाते म्हणतात.

लसिका पेशी घडताना मधला पट्टा निघून जातो आणि त्याच्या जागी दात्यांचे क्रम एकेक करून उतरवले जातात. दाता जागचा हलत नाही, त्याची फक्त नक्कल होते. कुठला दाता कुठे जोडायचा हे छोट्या, सुमारे १० ते ३० बेसच्या सारख्या क्रमांवर ठरते. एका तुकड्याचे शेपूट पुढच्याच्या सुरुवातीशी जुळले की नक्कल पुढे सरकते. जुळणी कुठल्याही टोकाकडून सुरू होऊ शकते. बऱ्याचदा सांधा तुकड्याच्या मधोमध पडतो, त्यामुळे एकाच एलआरआर-व्हीमध्ये दोन दात्यांचे अर्धे-अर्धे क्रम मिळतात.

या कामाला सायटिडीन डिअॅमिनेज विकरे लागतात, म्हणजे आपल्या बी पेशींत प्रतिपिंडांची जनुके बदलणाऱ्या एआयडी विकराचे नातेवाईक. ए आणि सीच्या पेशींत सीडीए१ आढळते, बीच्या पेशींत सीडीए२. अळ्यांत क्रिस्पर या जनुके कापण्याच्या तंत्राने सीडीए२ मोडले तर व्हीएलआर-बी जुळतच नाही, हे २०२० मध्ये दाखवले गेले.

दोन प्रतींपैकी एकच प्रत जुळते, दुसरी अर्धवटच राहते. एक पेशी, एक ग्राही.

१०चा १४वा घात एवढी विविधता हा आकडा कुठून आला?

दात्यांची संख्या, ग्राहीत बसू शकणाऱ्या तुकड्यांची संख्या आणि सांध्यांच्या जागा यांचा गुणाकार करून. १०चा १४वा घात म्हणजे कोटी गुणिले कोटी. ही कमाल क्षमता झाली. छोट्या अळीत तेवढ्या लसिका पेशीच नसतात, त्यामुळे एका प्राण्यात प्रत्यक्षात असणारा संच यापेक्षा कितीतरी लहान असतो. माणसाच्या प्रतिपिंडांच्या आकड्यालाही हीच मेख लागू आहे.

लॅम्प्रीला टोचून हवा तो व्हीएलआर-बी मिळवायचा तर काय करावे?

चिखलात पुरून राहणाऱ्या अळ्या वापरतात, मोठ्या परजीवी लॅम्प्री नाहीत. टाकीच्या तळाशी वाळू हवीच. वाळू नसेल तर अळ्या ताणाखाली येतात आणि प्रतिसाद पडतो. पाणी १६ ते २० अंश सेल्सियस, खाद्य यीस्टचे.

टोचण्याआधी एमएस-२२२ने भूल देतात, लिटरला ०.१ ग्रॅम. प्रतिजन देहगुहेत टोचतात. माध्यम नेहमीच्या पीबीएस या खारट द्रावणाच्या दोन तृतीयांश तीव्रतेचे ठेवावे, कारण लॅम्प्रीचे रक्त आपल्यापेक्षा कमी खारट असते. दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा, लागल्यास आणखी दोन आठवड्यांनी तिसरी. शेवटच्या मात्रेनंतर दोन आठवड्यांनी रक्त घेतात आणि ते गोठू नये म्हणून ईडीटीएमध्ये धरतात.

प्रतिजन कणरूप हवा: अख्खे जिवाणू, बीजाणू, लाल पेशी. विरघळलेले प्रथिन नुसतेच टोचले तर बहुतेकदा हाती काही लागत नाही. प्रथिनच हवे असेल तर ते कणांवर किंवा पेशींवर बसवून द्या.

श्वेतपेशी ५५ टक्के पर्कॉल या घनतेनुसार पेशी वेगळ्या करणाऱ्या द्रवावर वेगळ्या करतात. त्यांच्या आरएनएपासून व्हीएलआर-बीचे सीडीएनए, म्हणजे आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत, वाढवायचे. सुरुवात आणि देठ जतन झालेले असल्यामुळे प्राइमर तिथेच बसतात. मग ते एचईके-२९३टी या मानवी पेशींत घालून द्रव तपासायचा. लागलेल्या कुप्यांतून एकेक क्लोन वेगळा करायचा. मायलोमा या कर्करोगी पेशींशी लसिका पेशी जुळवण्याचा हायब्रिडोमा प्रकार इथे नाही. ओढ वाढवायची असेल तर यीस्टच्या पृष्ठभागावर संग्रह मांडून निवड करतात. त्या वाटेने नॅनोमोलरपासून पिकोमोलरपर्यंतच्या ओढीचे ग्राही मिळाले आहेत.

चाचणीत दुय्यम प्रतिपिंड चालतच नाही. का?

कारण दुय्यम प्रतिपिंड पहिल्या प्रतिपिंडाच्या एफसी या शेपटाकडच्या भागाला धरतो, आणि व्हीएलआरला तो भागच नाही. प्रोटीन ए, प्रोटीन जी, माकडविरोधी-सशाचे अशी नेहमीची सामग्री व्हीएलआरला ओळखत नाही. पर्याय दोन. लॅम्प्रीच्या व्हीएलआर-बीच्या जतन झालेल्या भागाला धरणारा उंदराचा ४सी४ हा प्रतिपिंड वापरा आणि त्यावर उंदीरविरोधी दुय्यम लावा. किंवा ग्राहीला ठरावीक टॅग अथवा एफसी जोडून बनवा. एफसी जोडल्यावर रेणू दोन पकडींचा होतो हे विसरू नका. दहा पकडींवर निवडलेला ग्राही तिथे मंदावू शकतो.

ई. कोलायमध्ये प्रथिन बनवले तर गाळच बसतो. उपाय?

दोन्ही टोपणांत मिळून चार डायसल्फाइड बंध आहेत, आणि ई. कोलायचा पेशीद्रव ते बनू देत नाही. तीन मार्ग आहेत. गाळ विरघळवून, ऑक्सिडीभूत आणि क्षपित ग्लुटाथायोनच्या मिश्रणात हळूहळू घडी घालणे. कीटक पेशींतून स्रवणारे प्रथिन बनवणे, हॅगफिशच्या पहिल्या रचना याच वाटेने मिळाल्या. किंवा पुढचे टोपण बदलणे.

तिसऱ्या मार्गाचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कोरियातले रिपीबॉडी. त्यात व्हीएलआरचे एनटी काढून लिस्टेरियाच्या इंटर्नलिन-बीचे टोपण बसवले. हे टोपण जिवाणूचेच असल्याने ई. कोलायमध्ये ते सहज विरघळलेले मिळते.

स्फटिक करायचे असतील तर देठ आणि शेपूट गाळा. फक्त एनटीपासून सीटीपर्यंत ठेवा. थ्रिओनीन-प्रोलीनचा देठ लवचीक असतो आणि शेपटातली सुटी सिस्टीन रेणू एकमेकांत गुंतवतात.

आमच्या अनुक्रमात विचित्र एलआरआर-व्ही दिसतात. खरे की पीसीआरची करामत?

आधी करामत समजा. पीसीआर म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत. एलआरआर-व्ही एकमेकांसारखे असल्यामुळे पीसीआरमध्ये अर्धवट वाढलेला धागा दुसऱ्याच साच्यावर जाऊन बसतो आणि दोन ग्राहींचा संकर तयार होतो. शरीरातली जुळणीही नेमकी अशीच होत असल्याने नुसत्या नजरेने फरक कळत नाही. आवर्तने कमी ठेवा, वाढीचा वेळ पुरेसा द्या, प्रत्येक मूळ रेणूला वेगळी खूण लावा आणि एकदाच दिसलेले क्रम बाजूला काढा.

जनुकीय डीएनएवर काम करत असाल तर आणखी एक खोच आहे. लॅम्प्रीच्या लाल पेशींत केंद्रक असते. सगळे रक्त घेतलेत तर लाल पेशींचे न जुळलेले जनुक नमुना बुडवून टाकते. आधी लसिका पेशी वेगळ्या करा.

आखूड वाचनांवर जनुकसंच जुळवलात तर दात्यांची गर्दी एकमेकांत मिटते आणि संख्या कमी भरते, म्हणून लांब वाचने हवीत. शिवाय समुद्री लॅम्प्रीच्या शरीरपेशी भ्रूणावस्थेतच जनुकसंचाचा मोठा हिस्सा टाकून देतात. यकृताचा जनुकसंच आणि शुक्राणूचा जनुकसंच एकच धरू नका.

अनेक व्हीएलआर एकाखाली एक मांडताना सगळे सरकते. काय चुकते?

तुकड्यांची संख्या वेगळी असलेले ग्राही एका दमात मांडले, की प्रणाली एकाचा दुसरा तुकडा दुसऱ्याच्या तिसऱ्यावर बसवते. आधी प्रत्येक क्रम एनटी, एलआरआर-१, व्ही, व्हीई, सीपी, सीटी असा फोडा. मग सारखे सारख्याखाली मांडा. व्हीई ओळखता आला की बाकीचे आपोआप लागते, म्हणून सीटीकडून मागे मोजत जा.

संगणकाने वर्तवलेली रचना पुरेशी आहे का?

नालेसाठी बहुतेकदा हो. वळशांची घडी इतकी नियमित आहे, की अल्फाफोल्डसारखी साधने ती चांगली काढतात. फासाबाबत जपून. त्याची लांबी आणि क्रम प्रत्येक ग्राहीत वेगळे असतात आणि विश्वासाचा गुणही तिथेच घसरतो. नेमका तोच प्रतिजनाला धरतो, म्हणून वर्तवलेल्या फासावरून उत्परिवर्तने आखताना अंतर्गोल पट्ट्यांवरचीही काही सोबत घ्या.

माणसांसाठी याचा उपयोग झाला आहे का?

निदान आणि संशोधनात, हो. उंदीर-सशांना आपली शर्करा आणि जतन झालेली प्रथिने परकी वाटत नाहीत, लॅम्प्रीला वाटतात. त्यामुळे नेहमीच्या प्रतिपिंडांनी न दिसणाऱ्या खुणा व्हीएलआर दाखवतात. माणसाच्या प्लाझ्मा पेशींवर बसणारा एमएम३ हे चांगले उदाहरण. त्याचे लक्ष्य सीडी३८ हे पेशीपृष्ठावरचे प्रथिन निघाले, तेही विशिष्ट ठेवणीतले. मल्टिपल मायलोमा या प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाच्या अभ्यासात म्हणून त्याकडे लक्ष गेले.

औषध म्हणून टोचायचा, तर तो आपल्यासाठी परका आणि तोही अनेक पकडींचा संच. आपले शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंड बनवणारच. म्हणून पकडीचा भाग तेवढा घेऊन मानवी एफसीला जोडणे किंवा कार-टी पेशींत, म्हणजे कर्करोगावर सोडण्यासाठी बदललेल्या टी पेशींत, बसवणे, अशा वाटा चाचपल्या जात आहेत.